अकरा दिवस टांगलेली गिटार

वेइ चाओफेनला गिटार वाजवता येत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चीनच्या डोंगरांतल्या झेंगआनमध्ये याचं कुणाला नवल वाटत नाही. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी गिटारीच्या कारखान्यात जातं, पण संध्याकाळी कुणाच्या दारात गिटार वाजताना ऐकू आलीच तर शेजारीपाजारी विचारतात, "पाहुणे आलेत वाटतं?" गिटार करायची आणि बोटीनं पाठवून द्यायची. पुढे ती कोण वाजवतं, कशी वाजते, याची चौकशी करायला वेळ कुणाला आहे?

चाओफेन सतराव्या वर्षी दूर समुद्रकाठच्या ग्वांगडोंगला गेली आणि तिथल्या एका गिटार कारखान्यात घासकामाला लागली. बारा वर्षं तिनं गिटारींची अंगं पॉलिश पेपरनं घासली. कानात कापूस, तोंडावर फडकं. यंत्रांचा गोंगाट इतका, की शेजारणीला हाक मारायची तर कोपरानं ढोसायचं. तिथंच माल बांधणाऱ्या मिंगक्वेइशी तिचं जमलं. तोही झेंगआनचाच. लग्नाआधी दोघं एकमेकांशी फारसं बोललेच नव्हते, कारण बोललेलं ऐकू येत नसे. मिंगक्वेइ अजून म्हणतो, "ऐकू आलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस."

पुढे कारखानेच उठून या डोंगरांत आले, त्यांच्यामागे गावची माणसंही परत आली. चाओफेन आता सेहेचाळीस वर्षांची आहे. गेली नऊ वर्षं ती शेवटच्या टेबलावर बसते, तपासणीला. तिच्या शिक्क्याचा नंबर सहा.

काम सोपं आहे, म्हणजे दिसायला. तयार गिटार मांडीवर घ्यायची, तिच्या डोक्याला, खुंट्यांपाशी, सूर दाखवणारा दिव्याचा चिमटा लावायचा, दिवा हिरवा होईपर्यंत खुंट्या पिळायच्या. मग अंगठा सहाही तारांवरून एकदा वरून खाली फिरवायचा. एखादी तार झणझणली तर ओळखायची. तारा जिथं अडकवतात त्या घोडीच्या मागे पोलादी पट्टी आडवी धरून वरची पाटी किती फुगलीय ते बघायचं. दोन मिलिमीटरपर्यंत चालतं. शिक्का मारायचा. एका गिटारीला दीड मिनिट. मग ती गिटार एक रात्र आकड्यावर टांगून ठेवायची, म्हणजे तारांचा ताण अंगात मुरतो, आणि दुसऱ्या दिवशी परत एकदा बघून खोक्यात घालायची. शंका असेल तर पिवळी चिठ्ठी. ती गिटार आकड्यावरच राहते. खराब असेल तर लाल चिठ्ठी. लाल चिठ्ठीच्या गिटारी शनिवारी पट्टा-करवतीवर मधोमध कापतात. डोक्यावर शिंपल्याच्या तुकड्यांत परदेशी मालकाचं नाव बसवलेलं असतं ना, त्या नावाची खराब गिटार फाटकाबाहेर जाता कामा नये, असा करार आहे.

नऊ वर्षांत सहा नंबरच्या शिक्क्याची एकही गिटार तक्रार होऊन परत आली नाही. मुकादम छिन हे पाहुण्यांना सांगायचा. चाओफेन मान खाली घालून काम करत राहायची, पण ऐकायची सगळं.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी, जेवणानंतर, ती गिटार आली. आंबट मिरचीच्या शेवया जरा जास्तच झाल्या होत्या आणि चाओफेनच्या पापण्या जड झाल्या होत्या. गिटारीचा नंबर चारशे सतरा. दिसायला बाकीच्यांसारखीच. तिनं खुंट्या पिळल्या, दिवा हिरवा झाला, अंगठा फिरवला.

आणि पुढचं काम राहूनच गेलं.

बाकीच्या गिटारींचा आवाज भोकातून बाहेर पडायचा आणि संपायचा. हा संपेना. जाड तार खाली घुमत राहिली आणि तिच्या वरून बारीक तारा एकेक करून निवत गेल्या, जेवणावरून माणसं उठावीत तशा, कुणी घाई न करता. गिटारीचं अंग तिच्या पोटाला टेकलेलं होतं. तो घुमारा तिला बरगड्यांत लागला. चाओफेननं पुन्हा अंगठा फिरवला. मग तिसऱ्यांदा. नऊ वर्षांत तिनं एकाच गिटारीवर तीनदा अंगठा फिरवला नव्हता. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, "काय गं, तार झणझणतेय?"

"नाही," चाओफेन म्हणाली. "काही नाही."

मग तिनं पट्टी लावली. पाटी तीन मिलिमीटर फुगलेली. नवीकोरी गिटार, तारा चढवून तास झाला नाही आणि तीन मिलिमीटर. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. तिचा हात लाल चिठ्ठीकडे गेला आणि पिवळी घेऊन परत आला.

दुसऱ्या दिवसापासून चाओफेन पावणेआठला कारखान्यात यायला लागली. यंत्रं आठला सुरू होत. मधल्या पंधरा मिनिटांत ती चारशे सतरा आकड्यावरून काढायची, मांडीवर घ्यायची आणि अंगठा फिरवायची. एवढंच. एखादा सूर दाबून बघावा, असं तिच्या डोक्यातही आलं नाही. सहा मोकळ्या तारा, वरून खाली. आवाज पूर्ण विरेपर्यंत ती हलायची नाही. मग पुन्हा टांगायची, पिवळी चिठ्ठी नीट सरळ करायची आणि दिवसभर इतर गिटारींना अंगठा फिरवत बसायची. त्या सगळ्या आता तिला पाण्यासारख्या पातळ वाटायला लागल्या होत्या.

असा आवाज आला कुठून, हे तिला कळायला हवं होतं. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं रानकाकांना गाठलं. रानकाका साठीचे, वरच्या पाटीला आतून आधाराच्या लाकडी फासळ्या चिकटवायच्या आणि पटाशीनं तासायच्या, हे त्यांचं काम. त्यांनी छोटा आरसा आणि बल्ब भोकातून आत सोडला आणि लगेच बडबडायला लागले.

"कुणी केलंय हे? फासळ्या आहेत की चुलीत घालायच्या काड्या? आजकाल कुणालाही पटाशी देतात. लाज नाही, काही नाही…" आणि एकदम गप्प झाले.

"काय झालं, काका?"

"पेन्सिलीची खूण आहे आत."

"कुणाची?"

"माझीच." त्यांनी आरसा बाहेर काढून उगाचच पुसला. "अगं, त्या दिवशी आमच्या धाकटीचं ठरलं होतं. मी शेजारच्या टेबलावर सांगत होतो, मुलाकडचे कसे आले, कोण कुठं बसलं, तिच्या सासऱ्यानं तेलचहाचे किती वाडगे रिचवले. सांगता सांगता हात चालत राहिला."

"किती वेळ सांगत होता?"

"बरीच माणसं आली होती गं," रानकाका ओशाळून म्हणाले.

चाओफेनला हसू आलं, मग रागही आला, मग दोन्ही गेलं. तिनं त्यांच्यासमोर अंगठा फिरवला. म्हाताऱ्यानं डोळे मिटले. छत्तीस वर्षं फासळ्या तासलेला माणूस, त्याला काय सांगायचं होतं?

"छान आहे," ते म्हणाले. "पण हिला आयुष्य नाही, पोरी. पाटी पातळ आधारावर उभी आहे म्हणून एवढी मोकळी बोलते. तारांचा ताण तिला सोसणार नाही. दोन वर्षं, फार तर तीन. मग पोट वर येईल आणि घोडी उखडेल."

"आत अजून फासळ्या चिकटवल्या तर?"

"मग बाकीच्यांसारखी होईल."

चाओफेननं गिटार परत आकड्यावर टांगली. मग रानकाका म्हणाले, "मुकादमाला माझं नाव सांगू नकोस. लग्न व्हायचंय अजून."

मुकादमाकडे ती गेली, पण दुसराच विषय घेऊन. "समजा, मुकादम, इथली एखादी गिटार मला विकत हवी असेल…"

"तुला? आणि वाजवणार कोण? मिंगक्वेइ?" छिन खो खो हसला. माणूस वाईट नव्हता, फक्त आधी हसायचा आणि मग ऐकायचा. "डोक्यावर नाव आहे ना? मग तिला दोनच वाटा. एक बोटीची, एक करवतीची. तुला हवी असेल तर चौकातल्या दुकानातून बिननावाची घे. दुकानदार माझा साडू आहे."

चाओफेन रविवारी त्या दुकानात गेलीसुद्धा. एकेक गिटार मांडीवर घेऊन अंगठा फिरवायची आणि परत ठेवायची. नववी ठेवल्यावर साडू म्हणाला, "बाई, तुम्ही घ्यायला आलात की कामावर आलात?"

घरी मिंगक्वेइला सगळं माहीत होतं, कारण चाओफेनला पोटात काही ठेवता येत नाही. तो भाजी निवडत म्हणाला, "या वयात बाकीच्या बायका गुडघ्यांच्या तक्रारी करतात. आमची बाई गिटारीच्या प्रेमात पडली."

"पडले," चाओफेन म्हणाली. "मग?"

"मग काही नाही. आवाज कसा आहे तो, ते तरी सांग."

तिनं तोंडानं काढून बघितला. ते काही जमलं नाही. मिंगक्वेइला हसताना ठसका लागला. मग तिनं स्वतःच्या बरगडीवर हात ठेवला. "जाड तार वाजते ना, ती इथं लागते."

"तिथं मला एकदा लागलं होतं," मिंगक्वेइ गंभीरपणे म्हणाला. "पित्ताचा खडा निघाला."

पण नंतर ताटं उचलताना त्यानं विचारलं, "मग काय करणार आहेस?" लाल चिठ्ठी लावली तर शनिवारी तो आवाज मधोमध कापला जाणार. शिक्का मारला तर ते खोटं होणार, आणि वर ती गिटार जाणारच, हजारो मैलांवर, कुणाच्या हाती कोण जाणे. पिवळी चिठ्ठी ही काही तिसरी वाट नव्हती. ते नुसतं दारात उभं राहणं होतं, आत नाही की बाहेर नाही. एक शनिवार असाच गेला. करवत चालली तेव्हा ती आकड्यापाशी जाऊन उभी राहिली, जणू कुणी येऊन ओढूनच नेणार होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली. पण दुसऱ्या शनिवारीही ती तिथंच उभी राहिली असती, हेही खरं.

बाराव्या दिवशी सकाळी मुकादम धावतच आला. बंदरावरून बोट दोन दिवस आधी सुटणार होती. ट्रक पाचच्या आत निघायला हवा. दोन दिवसांचं काम एका दिवसात. "टांगायला वेळ नाही," त्यानं ओरडून सांगितलं. "तपासली की थेट खोक्यात!"

अशा दिवशी हात डोक्याला विचारत नाहीत. चाओफेननं दिव्यावर डोळे लावले आणि सुरुवात केली. पिळ, हिरवा, अंगठा, शिक्का. पिळ, हिरवा, अंगठा, शिक्का. पट्टी लावायचीही मुकादमानं माफी दिली होती. सगळी यंत्रं एकाच वेळी धडधडत होती. साडेबाराला तिनं उभ्या उभ्या वाडगाभर तेलचहा, चहापत्ती तेलात परतून केलेली ती खारट पेज, पोटात ढकलला, त्यातले शेंगदाणे चावायलाही उसंत नव्हती, आणि परत बसली. चारला शेवटची गिटार गेली. तिनं बोटं मोडली, पाठ सरळ केली आणि रोजच्या सवयीनं आकड्याकडे बघितलं.

आकडा रिकामा होता.

एक नाही, सगळेच आकडे रिकामे होते. ती उठली ती थेट मुकादमाच्या अंगावर गेली. "करवतीला दिलीत? मला न विचारता?"

"कोण? काय?"

"चारशे सतरा! पिवळी चिठ्ठी होती तिला! माझ्या आकड्यावरची गिटार काढायची हिंमत कुणी केली?" सगळं खातं बघायला लागलं. नऊ वर्षांत कुणी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

"अगं बाई, शांत हो. तू जेवायला उठलीस तेव्हा सगळेच आकडे मी खाली करायला लावले. पिवळ्यावाल्या चिठ्ठ्या काढून तुझ्याच रांगेत लावल्या, तपासायला." मुकादमानं तपासणीचा कागद काढला आणि बोट खाली खाली नेलं. "ही बघ. चारशे सतरा. पास. शिक्का कुणाचा आहे?"

सहा नंबरचा. सरळ, चौकटीत बसलेला, जराही कललेला नाही. वर दोनशे नव्वद, खाली पाचशे बारा, आणि मध्ये ती.

म्हणजे ती मांडीवर आली होती. पोटाला टेकली होती. खुंट्या पिळल्या गेल्या होत्या, अंगठा फिरला होता, सहाही तारा वाजल्या होत्या. आणि चाओफेननं ऐकलंच नव्हतं. खराब गिटारीवर आपला शिक्का पडला याचं तिला त्या घडीला काही वाटलं नाही. तिला वाटलं ते एवढंच, की रोज पावणेआठला येऊन जिच्यासाठी श्वास रोखून बसले, ती बाराव्या दिवशी माझ्या मांडीवरून गेली आणि मी दिव्याकडे बघत होते. ग्वांगडोंगमध्ये कानात कापूस तरी होता.

"का?" मुकादमानं आता हळू विचारलं. "काही दोष होता का तिच्यात? ट्रक अजून आवारात आहे."

"बघून येते," चाओफेन म्हणाली.

ट्रक भरत आला होता. ड्रायव्हर थान इंजिन चालू ठेवून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. चाओफेननं खोक्यांवरचे नंबर वाचले. चारशे सतरा दारापासून दुसऱ्या रांगेत, वरून तिसरं. तिनं ते उतरवायला सांगितलं.

"आत्ता? मला पाचच्या आत निघायचंय, वहिनी."

"उतरव. आणि इंजिन बंद कर."

"बंद केलं की परत चालू व्हायला रडतं ते."

"थान, बंद कर म्हटलं ना."

तिच्या तोंडाकडे बघून त्यानं किल्ली फिरवली. आवार एकदम मोकळं झालं. आत यंत्रंही थांबली होती. चाओफेननं एक रिकामं खोकं पालथं घातलं, त्यावर बसली, चिकटपट्टी फाडली आणि गिटार मांडीवर घेतली. माल बांधणाऱ्यांनी प्रवासासाठी तारा अर्धा पीळ सैल केल्या होत्या. दिव्याचा चिमटा टेबलावरच राहिला होता. तिनं कानानं सूर लावला, सहाही तारांचा, आणि तो लागला. हे आपल्याला येतं, हे तिला तेव्हा कळलं.

मग तिनं अंगठा फिरवला.

उघड्यावर तिनं तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. तिला भीती होती की भिंती नसतील तर तो पसरून जाईल, पण तसं झालं नाही. तो तिच्याभोवतीच राहिला, बराच वेळ. थानचा बिया चावणारा जबडा थांबला.

"ही बिघडलीय?" त्यानं विचारलं.

एक शब्द पुरला असता. हो म्हणायचं, लाल चिठ्ठी लावायची, आणि नऊ वर्षांचा शिक्का पुन्हा स्वच्छ. मुकादम काही बोलला नसता, उलट पाठ थोपटली असती. चाओफेननं शिंपल्यातल्या परक्या अक्षरांवर अंगठा ठेवला. ती कुठं जाईल? कुणाच्या तरी घरी. तो माणूस निदान वाजवणारा असेल. आपल्याला अंगठ्यापलीकडे काही येत नाही. त्याला दहा बोटं वापरता येत असतील. त्याला दोन वर्षं मिळतील, कदाचित तीन, आणि मग तो रागावेल, आणि ते बरोबरच असेल.

तिनं दुसऱ्यांदा अंगठा फिरवला, तो त्या माणसाच्या वाटणीचाही आपणच ऐकून घेतल्यासारखा. शेवटची तार निवेपर्यंत थांबली. मग एकेक खुंटी धरून तिनं तारा सैल केल्या. अर्धा पीळ नाही, नियमापेक्षा खूप जास्त, अगदी पार लोंबेपर्यंत. समुद्रावरच्या महिन्याभरात तरी त्या पाटीला विसावा मिळेल. फडकं गुंडाळलं, खोकं बंद केलं, नवी चिकटपट्टी लावली.

"बिघडलेली नाही," ती म्हणाली. "तारा जास्त ताणल्या होत्या."

सहा नंबरनं खोटं बोलण्याची ती पहिलीच वेळ. थानला त्याचं काय? त्यानं खोकं वर चढवलं, दार लावलं, कडी घातली. इंजिन तीनदा रडून चालू झालं. चाओफेन त्या पालथ्या खोक्यावर परत बसली आणि हुंदके देऊन रडली, तोंडावर हात न घेता. थाननं आरशातून बघितलं, पण गाडी थांबवली नाही. पाचला पाचच मिनिटं उरली होती.